शाळेतलं दिव्यांग मूल, नोकरीतली दिव्यांग व्यक्ती आणि कायदा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांत निम्मे पालक असतात आणि निम्मे नोकरदार. सुरुवातीला मी दोघांच्या फायली वेगळ्या कपाटात ठेवायचे. पुढे लक्षात आलं की दोघांना एकच वाक्य ऐकवलं गेलेलं असतं : "आमच्याकडे तशी सोय नाही." दोघांच्या बाजूने उभा राहणारा कायदाही एकच आहे, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. म्हणून दोघांचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं भारतातल्या, त्यातही महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आहेत. कायदा सगळ्यांना सारखा असला तरी प्रत्येकाचे कागद वेगळे असतात, त्यामुळे पाऊल उचलण्याआधी ते कुणा जाणकाराला दाखवा.

१. आमच्या मुलाला "दिव्यांग" म्हणायचं का? तो चालतो, बोलतो, फक्त वाचताना अडतो.

हो, तोही या कायद्यात येऊ शकतो. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात २१ आहेत. अंधत्व, कर्णबधिरता, हालचालींचं दिव्यांगत्व आणि सेरेब्रल पाल्सी यांच्या जोडीला ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, डिस्लेक्सियासारखी विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आणि अॅसिड हल्ल्यातून झालेली इजा हेही त्यात आहे.

"दिव्यांग" हा शब्द अनेक पालकांना बोचतो, तर काही जणांना "अपंग" हाच शब्द खरा वाटतो. घरात कुठला वापरायचा ते तुम्ही ठरवा. अर्जात मात्र कायद्यातला शब्द लिहा, कारण टेबलापलीकडचा माणूस तोच शोधत असतो.

२. चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र नसेल तर काहीच मिळत नाही ना?

मिळतं. हा गैरसमज फार नुकसान करतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चाळीस टक्क्यांची अट काही ठरावीक लाभांपुरती आहे : सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतल्या ५ टक्के जागा, आणि ६ ते १८ वयापर्यंतचं मोफत शिक्षण देणारं कलम ३१. भेदभाव न होण्याचा आणि वाजवी सोय मिळण्याचा हक्क (प्रश्न ३) या अटीला बांधलेला नाही. तो प्रत्येक दिव्यांग व्यक्तीचा आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अगदी स्पष्ट केलं. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता, कारण त्याचं दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांच्या रेषेत बसत नव्हतं. आरक्षणासाठी आखलेली रेषा वाजवी सोयीला लावता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राने चाळीस टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहायला अडचण येणाऱ्या परीक्षार्थींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. "पस्तीस टक्केच आहे, मग नियमात बसत नाही" असं कुणी म्हणालं तर आधी विचारा, कुठल्या नियमात?

३. "वाजवी सोय" म्हणजे नेमकं काय? आणि तिचा खर्च कोणी करायचा?

कोर्टाच्या कागदांत याला "रिझनेबल अकोमोडेशन" म्हणतात. एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने शिकता किंवा काम करता यावं म्हणून केलेला आवश्यक आणि योग्य बदल, असा त्याचा अर्थ. व्हीलचेअरवरच्या मुलीचा वर्ग तळमजल्यावर आणणं, कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पहिल्या बाकावर बसवून बाईंनी फळ्याकडे तोंड करून न बोलणं, गोंगाटाने घाबरणाऱ्या मुलाला परिपाठाच्या वेळी शांत जागा देणं. नोकरीत म्हणाल तर संगणकावर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर), डायलिसिसच्या दिवशी बदललेली पाळी, मीटिंगचं लेखी टिपण.

यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसाच लागत नाही. लागतो तिथे केंद्राचे २०१७ चे नियम स्पष्ट आहेत : वाजवी सोयीचा पूर्ण किंवा थोडाही खर्च दिव्यांग व्यक्तीवर लादता येत नाही. ही ओळ छापून जवळ ठेवा.

कायद्याने मर्यादाही घातली आहे. संस्थेवर अवाजवी किंवा प्रमाणाबाहेर बोजा पडत असेल तर ती सोय देण्याचं बंधन राहत नाही. पण बोजा पडतो असं नुसतं म्हणून भागत नाही, तो का आणि किती ते संस्थेने दाखवायला हवं. आणि कलम २(ज) च्या व्याख्येनुसार वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव आहे. मनात वाईट हेतू होता की नव्हता हा मुद्दा तिथे येत नाही.

माझा अनुभव सांगते. "माझ्या मुलाला मदत करा" असा अर्ज फायलीत पडून राहतो. "गणिताच्या पेपरला तासामागे वीस मिनिटं जादा द्या, प्रश्नपत्रिका अठरा पॉइंटच्या अक्षरात द्या" असा अर्ज आला की हो किंवा नाही असं उत्तर द्यावंच लागतं. आणि "नाही" लेखी मिळालं की पुढची लढाई अर्धी सोपी होते.

४. प्रमाणपत्र कुठून काढायचं? ते हातात येईपर्यंत थांबायचं का?

केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. प्रमाणपत्रासोबत वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड मिळतं. अध्ययन अक्षमतेची तपासणी सगळीकडे होत नाही. मुंबईत शीव आणि नायरसारख्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत ती होते. टक्केवारी पटली नाही तर कलम ५९ खाली अपील करता येतं.

थांबू मात्र नका. सोयीची मागणी डॉक्टरांच्या अहवालावर आजच करा आणि प्रमाणपत्रासाठी अर्ज केल्याची पावती सोबत जोडा.

५. शाळेने तोंडी प्रवेश नाकारला. "आमच्याकडे स्पेशल टीचर नाहीत, तुमच्याच मुलाचं नुकसान होईल" म्हणाले. काय करू?

आधी त्या तोंडी नकाराचा कागद करा. घरी येऊन त्याच दिवशी शाळेला ईमेल पाठवा : आज अमुक वाजता भेटलो, अमुक कारण सांगून प्रवेश नाकारला, हे चुकीचं असेल तर तीन दिवसांत कळवावं. उत्तर आलं नाही तरी हा ईमेल पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

कलम १६ नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे, इमारत सुगम करायची आहे, मुलाच्या गरजेप्रमाणे सोय आणि आधार द्यायचा आहे. म्हणजे शिक्षक नाहीत हे नाकारण्याचं कारण ठरत नाही, ती शाळेची राहिलेली जबाबदारी ठरते. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाणही सांगितलं आहे : प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक, त्यावरच्या वर्गांना पंधरांमागे एक.

नंतर शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, आवक क्रमांक आणि पोच घ्या. एका आईने प्रवेश नाकारणाऱ्या मुख्याध्यापकांना कलम १६ ची प्रत पाकिटात घालून दिली आणि "फक्त वाचून उत्तर द्या" एवढंच म्हटलं. तिच्या मुलीला आठवड्यात प्रवेश मिळाला. प्रत्येक वेळी असं होत नाही, पण पहिल्या दिवशी हे करायला काहीच लागत नाही. तक्रारीची पुढची वाट प्रश्न १८ मध्ये आहे.

६. खासगी विनाअनुदानित शाळेला हे लागू आहे का? आणि अल्पसंख्याक शाळेला?

कलम १६ चे शब्द आहेत "अनुदानित किंवा मान्यताप्राप्त". मान्यता असली की शाळा त्यात आली, तिने सरकारचा एक रुपया घेतला नसला तरी.

शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांची गोष्ट वेगळी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग मुलं त्या कायद्यातल्या "वंचित गटात" आली, त्यामुळे या जागांवर त्यांना अर्ज करता येतो. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. तिथे २५ टक्क्यांचा आग्रह चालणार नाही, कलम १६ चा आग्रह मात्र धरता येतो. अनेक शाळा, आणि कधीकधी अधिकारीही, या दोन कायद्यांची गल्लत करतात. तक्रारीत दोन्हींचे परिच्छेद वेगवेगळे लिहा.

७. शाळा म्हणते शॅडो टीचर (वर्गात मुलाशेजारी बसणारा मदतनीस) तुम्हीच ठेवा आणि पगारही तुम्हीच द्या. हे कायद्यात बसतं का?

माझ्या मते नाही. मुलाच्या गरजेप्रमाणे आधार देणं हे कलम १६ खाली शाळेचं काम आहे, आणि खर्चाबद्दलचा नियम प्रश्न ३ मध्ये दिला आहे. व्यवहारात मात्र बहुतेक पालक पैसे देतात, कारण मुलाचं वर्ष वाया जाऊ द्यायचं नसतं. द्यावेच लागले तर "हा खर्च मी निषेध नोंदवून करत आहे, माझा हक्क राखून ठेवत आहे" असं लिहून द्या आणि प्रत्येक पावती जपा.

मुलाला सतत माणूस लागतोच का, हाही प्रश्न शाळेला विचारा. पुष्कळ वेळा वर्गशिक्षिकेला चार गोष्टी समजावून सांगितल्या की दिवसातला एखादा तासच मदत लागते. सतत शेजारी बसलेल्या मोठ्या माणसामुळे मूल वर्गातल्या मित्रांपासून तुटतं, हे मी पाहिलं आहे.

८. "याला विशेष शाळेत घाला" किंवा "घरीच शिकवा" असं सांगतात. शेवटचा शब्द कोणाचा?

तुमचा आणि मुलाचा. कलम ३१ मध्ये शेजारची शाळा किंवा आपल्या पसंतीची विशेष शाळा, असं लिहिलं आहे. पसंती मुलाची, शाळेची नाही. घरी शिक्षण घेण्याची मुभाही शिक्षण हक्क कायद्याने बहुविध किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना दिली आहे. ती मुभा आहे, शाळेला मूल बाहेर काढायचं साधन नाही.

विशेष शाळा वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. सांकेतिक भाषा अस्खलित बोलणारे शिक्षक आणि तीच भाषा बोलणारे मित्र कर्णबधिर मुलाला तिथे मिळत असतील, तर त्याच्यासाठी तीच योग्य जागा असू शकते.

९. परीक्षेत काय काय मागता येतं? केंद्रावर ऐनवेळी नकार दिला तर?

कलम १७ मध्ये परीक्षापद्धतीत बदल सांगितले आहेत : जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जादा वेळ तासाला किमान वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. दहावी-बारावीच्या सवलतींसाठी मंडळाकडे शाळेमार्फत वेळेत अर्ज जावा लागतो. नववीतच विचारायला लागा.

ऐनवेळच्या नकाराबद्दल नोव्हेंबर २०२१ चं एक प्रकरण प्रत्येक पालकाला माहीत हवं. नीट परीक्षेत एका विद्यार्थिनीला केंद्रावर जादा तास दिला नाही आणि तिचा पेपर काढून घेतला. सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने त्यावर उपाय शोधावा असं सांगितलं. पण पुन्हा परीक्षेचा आदेश दिला नाही. गेलेला तास कोर्टालाही परत आणता येत नाही. म्हणून सवलतीच्या आदेशाच्या दोन प्रती घेऊन केंद्रावर जा, आदल्या दिवशी केंद्रप्रमुखांना भेटा, आणि तरीही नकार आला तर तिथेच लेखी हरकत देऊन त्याच संध्याकाळी मंडळाला ईमेल करा.

१०. वर्गात शिक्षक सगळ्यांसमोर चिडवतात. आम्ही बोललो तर दाखला हातात देऊ म्हणतात.

६ ते १४ वयाच्या मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यावर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, आणि प्राथमिक (आठवीपर्यंतचं) शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. त्यापलीकडे, दिव्यांग व्यक्तीचा लोकांदेखत मुद्दाम अपमान करणं किंवा धमकावणं हा २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, शिवाय दंड.

फौजदारी तक्रार हा शेवटचा उपाय ठेवा. ती केली की शाळेशी बोलणं संपतं आणि मुलाला पुन्हा पुन्हा जबाब द्यावा लागतो. पण अपमान रोजचा असेल तर कचरू नका. काय बोललं गेलं ते मुलाच्या शब्दांत, तारखेसह, त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

११. मूल अठराचं झालं. मतिमंदत्व असल्यामुळे बँक, दवाखाना सगळे "पालकत्वाचा कागद" मागतात.

कागदपत्रांत आता "बौद्धिक दिव्यांगत्व" असं लिहितात. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करा. या समितीवर जिल्हाधिकारी असतात. इतर प्रकारांसाठी २०१६ च्या कायद्यात कलम १४ चं मर्यादित पालकत्व आहे : ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे, तिच्याशी बोलून. जिथे मुलगा स्वतः ठरवू शकतो तिथे त्यालाच ठरवू द्या. बँकेच्या सोयीसाठी त्याचे सगळे अधिकार काढून घेऊ नका.

१२. सरकारी नोकरीत असताना अपघात झाला, आता पूर्वीचं काम जमत नाही. सक्तीने निवृत्त करतील का?

कलम २०(४) हे थेट रोखतं. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसरं पद द्यायचं. तसं पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचं वय येईपर्यंत अधिसंख्य पदावर, म्हणजे त्याच्यासाठी जादा निर्माण केलेल्या पदावर, ठेवायचं.

सगळ्यात जास्त घात होतो तो सहीमुळे. "स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या, मुलाला अनुकंपावर घेऊ" असं गोड बोलून कागद पुढे केला जातो. अशा कागदावर त्या दिवशी सही करू नका. घरी नेऊन वाचा, कुणाला तरी दाखवा.

अपवाद : सरकार अधिसूचना काढून काही आस्थापनांना या कलमातून वगळू शकतं, आणि लढाऊ दलांबाबत तसं केलेलं आहे. त्या सेवेतल्यांनी प्रश्न १५ ही वाचावा.

१३. मी खासगी कंपनीत आहे. मग मला काहीच संरक्षण नाही?

सरकारीइतकं भक्कम नाही, हे आधीच सांगते. कलम २० चे शब्द "सरकारी आस्थापना" असे आहेत आणि आरक्षणही तिथेच आहे. पण तुम्ही मोकळ्या रानात नाही.

कलम ३ चा भेदभावविरोधी हक्क सगळ्यांना आहे. कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने, खासगीनेसुद्धा, समान संधी धोरण जाहीर करायचं आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात दिव्यांगांसाठी योग्य पदं, सोयी आणि संपर्क अधिकारी यांचा तपशील हवा. आणि तिथल्या प्रमुखाकडे भेदभावाची तक्रार गेली तर केंद्राच्या नियमांनुसार त्याने एक तर कारवाई करायची, नाहीतर ती कृती रास्त उद्देशासाठी आणि प्रमाणात कशी होती ते लेखी सांगायचं. गप्प बसण्याची मुभा त्याला नाही.

म्हणून पहिलं पत्र दोन ओळींचं असू द्या : कंपनीच्या समान संधी धोरणाची प्रत आणि संपर्क अधिकाऱ्याचं नाव कळवावं. धोरणच नसेल तर तुमच्या तक्रारीत एक मुद्दा वाढला. कायदा मोडल्याबद्दल कलम ८९ खाली पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी ५०,००० ते ५ लाखांपर्यंत दंड आहे.

१४. ते म्हणतात "काम नीट नव्हतं म्हणून काढलं". भेदभाव झाला हे मी कसं सिद्ध करू?

तारखांनी. दिव्यांगत्वाची माहिती कधी दिली, सोय कधी मागितली, त्याआधीचे मूल्यमापन शेरे कसे होते आणि नंतरचे कसे झाले. तीन वर्षं "उत्तम" आणि स्क्रीन रीडर मागितल्यावर चार महिन्यांत "असमाधानकारक", असा कागद स्वतःच बोलतो. सोय न देता कमी काम झाल्याचा ठपका ठेवला असेल तर तो मुद्दा सर्वांत वर ठेवा.

मूल्यमापनाच्या प्रती आणि तुम्हाला आलेले ईमेल नोकरीत असतानाच जपून ठेवा, नंतर खातं बंद होतं. कंपनीची गोपनीय माहिती मात्र उचलू नका, त्याने चांगली केस बिघडते.

१५. मानसिक आजारामुळे माझ्या हातून शिस्तभंग झाला आणि चौकशी लागली. आता कायदा माझ्या बाजूने कसा असेल?

असू शकतो. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शिस्तभंगाच्या कारवाईमागे मानसिक दिव्यांगत्व हे एकमेव कारण असण्याची गरज नाही, ते अनेक कारणांपैकी एक असलं तरी ती कारवाई भेदभाव ठरू शकते. त्याला लढाऊ कामाऐवजी दुसरं काम, वेतनाचं संरक्षण राखून, देण्याचा मार्गही न्यायालयाने मोकळा केला.

चौकशीच्या पहिल्याच उत्तरात उपचारांचे कागद जोडा. शेवटच्या टप्प्यावर जोडले की "आता सुचलं का" असं म्हणतात. बदनामीच्या भीतीने लोक आजार लपवतात, ती भीती मला पूर्ण समजते. तरीही नोकरीच जायची वेळ असेल तर कागद पुढे आणावा लागतो.

१६. मी स्वतः धडधाकट आहे, पण माझं मूल दिव्यांग आहे. बदली आणि रजेत काही मिळतं का?

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी जून २०१४ चा आदेश आहे : दिव्यांग मुलाची मुख्य देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट देता येते, प्रशासकीय अडचणींच्या अधीन राहून. बालसंगोपन रजा महिला कर्मचारी आणि एकट्या पुरुष पालकांना संपूर्ण सेवेत ७३० दिवस आहे, आणि दिव्यांग मुलासाठी त्यात वयाची अट नाही. एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोकरीत स्त्रियांचा सहभाग हा घटनात्मक प्रश्न आहे, आणि दिव्यांग मुलांच्या आयांच्या रजेचा राज्याने नव्याने विचार करावा.

राज्य शासन, जिल्हा परिषद, महामंडळ यांचे शासन निर्णय वेगवेगळे असतात. आपल्या आस्थापना शाखेकडून लागू असलेल्या निर्णयाची प्रत मागा. खासगी नोकरीत अशी रजा धोरणावर अवलंबून राहते.

१७. यादीत नसलेल्या अडचणीचं काय? रंगांधळेपणा, किंवा सहा महिन्यांचं प्लास्टर?

दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. रंगांधळेपणा २१ प्रकारांत नाही. तरी ऑक्टोबर २०२३ मध्ये तमिळनाडूच्या वीज कंपनीत या कारणाने नाकारल्या गेलेल्या अभियंत्याला योग्य विभागात नेमावं, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. वाजवी सोयीचं तत्त्व तिथे कामी आलं.

मोडलेला पाय सहा महिन्यांत बरा होणार असेल तर तो या कायद्यात येत नाही, कारण व्याख्येत "दीर्घकालीन" हा शब्द आहे. तिथे रजेचे नियम आणि साधी माणुसकी यांवर काम भागवावं लागतं.

उलटाही एक फसवा प्रकार आहे : यादीत आहे, टक्केही भरपूर आहेत, आणि "म्हणूनच" नाकारलं जातं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांहून जास्त आहे, एवढ्यावरून विद्यार्थी अपात्र ठरत नाही. तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळाने पाहायला हवं.

१८. तक्रार नेमकी कुठे करायची? किती वेळ लागतो?

सरकारी कार्यालयात कलम २३ खाली तक्रार निवारण अधिकारी असतो. त्याने नोंदणीनंतर दोन आठवड्यांत चौकशी करायची असते, नाहीतर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं. खासगी आस्थापनेत आधी प्रमुखाकडे (प्रश्न १३), शाळेबाबत शिक्षणाधिकाऱ्यांकडे (प्रश्न ५).

त्यानंतर राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त, कार्यालय पुण्यात. केंद्र सरकारच्या संस्थांसाठी दिल्लीचे मुख्य आयुक्त. साधा अर्ज चालतो, वकील लागत नाही. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं यासाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांचा निर्णय शिफारशीच्या रूपात असतो. संबंधित संस्थेने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं, किंवा शिफारस का मानली नाही त्याची कारणं द्यायची. ही कारणं कच्ची असतील तर तीच पुढे उच्च न्यायालयात कामाला येतात.

मात्र परीक्षा पुढच्या आठवड्यात असेल किंवा बडतर्फीचा आदेश उद्या निघणार असेल, तर शिफारशीची वाट पाहण्यात अर्थ नाही. सरळ उच्च न्यायालयात रिट याचिका करून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता, आदेश मागा.

खासगी शाळेतल्या दिव्यांग शिक्षकांसाठी एक वेगळी सूचना. सेवा संपुष्टात आणली असेल तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपिलाची मुदत फक्त तीस दिवस आहे. आयुक्तांकडे अर्ज केला म्हणून ही मुदत थांबत नाही. यात लोकांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या आहेत.

१९. वकिलाची फी परवडत नाही.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्ती, मुलं आणि स्त्रिया यांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

२०. तक्रार केली तर माझ्या मुलाला शाळेत त्रास देतील. त्यापेक्षा गप्प राहू का?

भीती खरी आहे, आणि ती नाही असं सांगणाऱ्या वकिलावर विश्वास ठेवू नका. मी पालकांना पायऱ्या सांगते. पहिलं पत्र विनंतीचं, त्यात कायद्याचा फक्त उल्लेख. दुसरं पत्र आठ दिवसांनी, कलमासह. तिसरं शिक्षणाधिकाऱ्यांना, शाळेला प्रत. निम्म्याहून अधिक प्रकरणं माझ्याकडे दुसऱ्या पत्रावरच मिटली आहेत. प्रत्येक पत्रात शाळेच्या एखाद्या चांगल्या गोष्टीची खरीखुरी दखल घ्या, कारण मुलाला उद्या सकाळी त्याच वर्गात बसायचं असतं.

२१. मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. याच क्षेत्रात वकिली करायची आहे, सुरुवात कशी करू?

मूळ कायदा पहिल्या कलमापासून वाच, टीका-टिप्पण्या नंतर. मग महिनाभर विधी सेवा प्राधिकरणात बस. थोडी सांकेतिक भाषा शीक. तुझी प्रत्येक पीडीएफ स्क्रीन रीडरला वाचता येते का ते तपासत जा. स्कॅन केलेली याचिका दृष्टिहीन पक्षकाराला देणं म्हणजे कोरा कागद देण्यासारखंच आहे.

पैसा हळू येतो. नोकरीच्या प्रकरणांवर कार्यालय चालतं आणि शाळेची प्रकरणं त्या आधारावर करता येतात, असं माझं गणित आहे. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या वतीने कोर्टात पालक उभे राहतात, पण पक्षकार मूल असतं. आईला हवी असलेली शाळा आणि मुलाला हवी असलेली शाळा एकच असेल असं नाही. ते विचारायची वेळ याचिका लिहिण्याआधीची.

२२. भेटायला येताना काय आणू?

प्रमाणपत्र किंवा डॉक्टरांचा अहवाल, शाळेशी किंवा कंपनीशी झालेला सगळा पत्रव्यवहार तारखेप्रमाणे लावून, गुणपत्रिका किंवा मूल्यमापनाचे शेरे, नेमणूकपत्र, आणि नेमकं काय हवंय ते एका कागदावर पाच ओळींत. पोच नसलेली पत्रंही आणा. मूल बोलू शकत असेल, खुणा करत असेल किंवा चित्रं दाखवून सांगत असेल, तर त्यालाही घेऊन या आणि त्याच्या जेवणाची किंवा औषधाची वेळ आधी कळवा. भेट त्याप्रमाणे ठेवू.